यंत्राचा शेरा : त्रुटिसंदेशांच्या वाचनीयतेचा इतिहास

१९७७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टँडी कंपनीने टीआरएस-८० नावाचा घरगुती संगणक बाजारात आणला. त्यात बेसिक ही भाषा होती आणि ती शिकणाऱ्याची चूक झाली, तर तीन शेऱ्यांपैकी एक पडद्यावर उमटे : 'व्हॉट?', 'हाऊ?' किंवा 'सॉरी'. तुम्ही लिहिलेले वाक्यच कळले नाही, तर 'व्हॉट?'. वाक्य कळले, पण शून्याने भागा किंवा अस्तित्वातच नसलेल्या ओळीकडे जा असे काही अशक्यप्राय सांगितले असेल, तर 'हाऊ?'. आणि स्मृतीत जागा उरली नसेल, तर 'सॉरी'. म्हणजे मराठीत बोलायचे तर, 'काय म्हणालात?', 'म्हणालात ते कळले, पण करू कसे?' आणि 'माफ करा, जागा नाही'. चुकांचे इतके नेटके वर्गीकरण पुढच्या कित्येक वर्षांत कोणी केले असेल असे आम्हांस वाटत नाही.

ही त्रयी मुळात टँडीची नव्हे. १९७६ साली ली-चेन वांग यांनी 'पालो आल्टो टायनी बेसिक' लिहिले, तेथून ती आली. वांग यांनी आपल्या आज्ञावलीच्या माथ्यावर स्वामित्वहक्काच्या ठरावीक सूत्राची फिरकी घेत 'सर्व हक्क राखीव'च्या जागी 'सर्व चुका राखीव' अशा अर्थाची ओळ घातली होती. विनोद असला, तरी आमच्या विषयाला तो नको इतका लागू पडतो. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, याच यंत्रासाठी मायक्रोसॉफ्टने लिहिलेले अधिक समर्थ 'लेव्हल टू' बेसिक आले आणि त्या तीन शब्दांची हकालपट्टी झाली. त्यांच्या जागी 'एसएन', 'एनएफ', 'ओडी' अशी दोन-दोन अक्षरांची सांकेतिक लिपी आली. यंत्राची क्षमता वाढली आणि बोलणे मात्र दुर्बोध झाले. हा विरोधाभास या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतो, म्हणून त्याची कारणे पाहणे अगत्याचे आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न साहजिक आहे. आमचे उत्तर असे की, त्रुटिसंदेश हा एक लिखित गद्यप्रकार आहे. त्याला लेखक आहे, वाचक आहे, निवेदकाचा पुरुष आणि प्रयोग आहे. आज जगात नित्य वाचल्या जाणाऱ्या गद्यप्रकारांत त्याची गणना करावी लागेल आणि तरीही त्याच्या शैलीचा विचार प्रायः अभियंत्यांवरच सोपवला गेला आहे. शिवाय नवशिक्याच्या बाबतीत हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही. पहिल्या आठवड्यात पडद्यावरचे चार शब्द कळले की नाहीत, यावर 'हे आपल्याला जमणारे नव्हे' हा निष्कर्ष अनेकदा अवलंबून असतो.

या गद्यप्रकाराच्या मुळाशी एक जुनी अडचण आहे आणि ती आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी ओळखली गेली होती. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभी, पस्पशाह्निकात, असा प्रश्न उपस्थित केला आहे की व्याकरणाने साधू शब्दांचा उपदेश करावा, की अपशब्दांचा, की दोहोंचा? ('अपशब्द' म्हणजे येथे शिवी नव्हे, अशुद्ध रूप.) त्यांचा निर्णय साधू शब्दांच्या बाजूने पडतो, कारण लाघव. शुद्ध रूप एक असते, अशुद्ध रूपे अनेक. 'गौः' हा शब्द एकच, पण त्याचे अपभ्रंश गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे वाढत जातात. संगणकभाषांच्या रचनाकारांनी नेमका हाच मार्ग धरला. १९६० च्या अल्गोल अहवालात जॉन बॅकस आणि पीटर नाऊर यांच्या नावाने ओळखली जाणारी सूत्रपद्धती वापरली गेली. १९६७ साली पीटर इंगरमन यांनी तिला 'पाणिनी-बॅकस' पद्धती म्हणावे असे सुचवले, ते या साधर्म्यामुळेच. परंतु अशा सूत्रांत शुद्ध काय ते मोजक्या ओळींत मावते आणि अशुद्धाबद्दल एक अक्षर नसते. नवशिक्या तर सारा वेळ गावी-गोणीच्या प्रदेशात हिंडत असतो. त्याच्याशी बोलायचे तर सूत्रांच्या बाहेर जावे लागते. ते काम लाघवाने होत नाही, त्याला चिकाटी लागते.

ही चिकाटी प्रथम विद्यापीठांनी दाखवली. आयबीएमचे फोरट्रान १९५७ साली आले, ते शास्त्रज्ञ-अभियंत्यांसाठी. साठच्या दशकात मात्र शेकडो विद्यार्थी एकाच यंत्रापुढे रांगेत उभे राहू लागले. त्या काळी आज्ञावली छिद्रित पत्त्यांवर टोचून खिडकीत द्यायची आणि काही तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशी, छापील कागद घ्यायला जायचे. आपल्याकडेही १९६३ साली कानपूरच्या आयआयटीत आलेल्या आयबीएम १६२० वर किंवा १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या सीडीसी ३६०० वर काम करणारे पत्त्यांचे गठ्ठेच घेऊन जात. अशा व्यवस्थेत एका स्वल्पविरामाची किंमत एक दिवस. मग कंपायलरने, म्हणजे आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या अनुवादकाने, पहिल्याच चुकीला पाय अडकून पडावे हे परवडणारे नव्हते.

कॉर्नेल विद्यापीठात रिचर्ड कॉनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या आरंभी 'कॉर्क' ही भाषा सिद्ध केली. तिचा कंपायलर चूक दाखवून थांबत नसे, ती दुरुस्त करून पुढे जाई. नावाचे स्पेलिंग एखाद्या अक्षराने चुकले असेल, तर जवळचे नाव गृहीत धरी. त्याच परंपरेतला 'पीएल/सी' हा कंपायलर कॉनवे आणि टॉमस विल्कॉक्स यांनी १९७३ साली प्रबंधरूपाने विद्वानांपुढे मांडला. त्याची रीत मोठी पाहण्यासारखी आहे. तो आधी चूक सांगे आणि खाली 'पीएल/सी असे वापरत आहे' असे म्हणून स्वतःचा पाठ छापी. हस्तलिखितांच्या संपादनाशी परिचय असलेल्यांना ही पद्धत तत्काळ ओळखू येईल. मूळ पाठ भ्रष्ट दिसला तर संपादक अनुमानित पाठ देतो, पण मूळही खाली टिपेत ठेवतो. पीएल/सी तसाच प्रामाणिक संपादक होता.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाची कथा निराळी. १९६५ च्या उन्हाळ्यात तेथील गणिताच्या चार पदवी विद्यार्थ्यांनी, पीटर शँट्झ यांच्या देखरेखीखाली, आयबीएम ७०४० साठी 'वॉटफॉर' हा फोरट्रान कंपायलर लिहिला. त्याचा पहिला गुण वेग, दुसरा गुण निदान. ज्या चलाला अजून मूल्यच दिलेले नाही, त्याचा वापर झाला तर वॉटफॉर तसे सांगे. इतर कंपायलर अशा वेळी स्मृतीत पडलेला कोणताही केरकचरा मूल्य समजून गणित करून मोकळे होत. जे नुकतेच स्वतः अडखळत शिकले होते त्यांनीच हे लिहिले, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. विस्कॉन्सिनचे 'डिट्रान' आणि पर्ड्यूचे 'पफ्ट' हे त्याच पिढीतले. या सर्वांची प्रेरणा एकच होती : शिकणाऱ्याचा वेळ हा यंत्राच्या वेळेइतकाच मोलाचा आहे.

ही परंपरा मग लुप्त का झाली? सत्तरच्या दशकात संगणक लहान झाले आणि शब्द महाग झाले. १९७५ च्या ऑल्टेअर संगणकासाठीचे मायक्रोसॉफ्टचे बेसिक चार किलोबाइटच्या स्मृतीत बसवायचे होते, वर त्यातच वापरणाऱ्याच्या आज्ञावलीलाही जागा ठेवायची. तेथे 'सिन्टॅक्स' हा सहा अक्षरी शब्दही चैन ठरला आणि 'एसएन' उरले. युनिक्समधील 'एड' या संपादकाने तर काटकसरीचा कळस केला. चूक कोणतीही असो, उत्तर एकच, प्रश्नचिन्ह. सेकंदाला दहा अक्षरे खडखडत छापणाऱ्या दूरमुद्रकापुढे बसलेल्या जाणत्याला ते पुरे होई. पास्कालच्या कित्येक कंपायलरांनी नुसते क्रमांक दिले. १०४ असे आले की पुस्तकाच्या परिशिष्टात जाऊन पाहायचे, तर तेथे 'नाव घोषित केलेले नाही' असा अर्थ सापडे. सूत्र यंत्रात आणि भाष्य ग्रंथात, अशी ही वाटणी. शाळेत भूमितीची प्रमेये क्रमांकाने पाठ करणाऱ्यांना ती अपरिचित वाटू नये.

एक सुखद अपवाद नोंदवला पाहिजे, कारण तो आपल्या शाळांपर्यंत पोहोचला होता. १९८४ साली भारत सरकारने शाळांमधील संगणक-साक्षरतेसाठी 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी निवडला बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक. त्याच्या बेसिकमध्ये वाक्य कळले नाही की येणारा शब्द होता 'मिस्टेक'. ओळींना क्रमांक देताना अंतर शून्य ठेवा असे कोणी सांगितले, तर यंत्र म्हणे 'सिली'. वर्गशिक्षकाने वहीच्या समासात लिहावा तसा हा शेरा. थोडा टोचणारा, पण माणसाचा.

येथे शब्दकळेचा विचार ओघाने येतो. इंग्रजी त्रुटिसंदेशांची परिभाषा तीन ठिकाणांहून उचललेली आहे. 'सिन्टॅक्स', 'एक्स्प्रेशन', 'स्टेटमेंट', 'आर्ग्युमेंट' हे व्याकरण-तर्कशास्त्राचे शब्द. 'इल्लीगल', 'इन्व्हॅलिड', 'व्हायोलेशन' हे न्यायालयातले. 'फेटल', 'ॲबॉर्ट', 'किल' हे त्याहून भयंकर ठिकाणचे. बेन श्नायडरमन यांनी १९८२ च्या आपल्या लेखनात या दुसऱ्या आणि तिसऱ्या गटावर बोट ठेवले. चूक करणाऱ्यावर खेकसणारे शब्द टाळावेत, नेमकेपणाने सांगावे, पुढे काय करता येईल ते सुचवावे, असे त्यांचे म्हणणे. कोबोलच्या कंपायलरचे संदेश बदलून त्यांनी प्रयोगही केले. पुढच्याच वर्षी पी. जे. ब्राउन यांनी त्रुटिसंदेश हे मानव-यंत्र व्यवहारातले उपेक्षित क्षेत्र आहे, अशी तक्रार लेखाच्या शीर्षकातच नोंदवली. ही उपेक्षा त्यानंतरही दीर्घकाळ टिकली.

शब्दांइतकाच महत्त्वाचा प्रश्न पुरुषाचा आहे. हे वाक्य बोलतो कोण? बहुतेक संदेशांत कोणीच बोलत नाही. तेथे नामे असतात, क्रियापद गळालेले असते आणि कर्ता तर कधीच नसतो. या पार्श्वभूमीवर 'लोगो' ही भाषा वेगळी उठून दिसते. १९६७ साली सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ती घडवली. पुढे १९८२ च्या ॲपल लोगोत मुलाने अनोळखी आज्ञा दिली की उत्तर येई : अमुक कसे करायचे ते मला ठाऊक नाही. येथे प्रथमपुरुष आहे आणि अज्ञान यंत्राचे आहे, मुलाचे नव्हे. पण खरी खुबी पुढेच आहे. लोगोमध्ये नवी कृती शिकवायची तर व्याख्येचा आरंभ इंग्रजी 'टू' या शब्दाने करायचा असतो, म्हणजे 'टू स्क्वेअर' असे लिहून चौकोन काढायची रीत द्यायची. आणि यंत्राची कबुली इंग्रजीत 'हाऊ टू' अशी संपून तोच शब्द वापरते. तक्रारीच्या वाक्यातच उपायाचे पहिले पद दडलेले आहे. भाषेची रचना आणि तिच्या त्रुटिसंदेशाची रचना इतकी एकजीव झाल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

महाराष्ट्रातील अनेक अभियांत्रिकी व तंत्रनिकेतन महाविद्यालयांत मात्र नवशिक्याची गाठ पडली ती टर्बो सी शी. बोरलँडने १९८७ साली आणलेला तो निळा पडदा आपल्याकडच्या प्रयोगशाळांत एकविसाव्या शतकातही बराच काळ टिकून राहिला. त्याचे 'स्टेटमेंट मिसिंग' आणि पुढे अर्धविराम हे वाक्य कित्येकांना पाठ असेल. या संदेशाचा गोंधळ असा की अर्धविराम सुटलेला असतो पाचव्या ओळीच्या शेवटी आणि पडद्यावरची पट्टी उभी असते सहाव्या ओळीवर. विद्यार्थी सहावी ओळ दहा वेळा वाचतो. ती निर्दोष असते. यंत्र खोटे बोलत नाही, पण ते लिहिणाऱ्याची चूक सांगत नाही, स्वतः वाचताना कोठे ठेचकाळले ते सांगते. पूर्णविराम राहून गेलेला मजकूर मोठ्याने वाचणाऱ्यालाही पुढच्या वाक्याचे दोन शब्द उच्चारल्यावरच काही चुकल्याचे कळते. वाचकाच्या प्रतिसादातून संहिता पाहणारी समीक्षा ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे चटकन उमगावे. त्रुटिसंदेश हा एका अत्यंत अक्षरनिष्ठ वाचकाने नोंदवलेला प्रतिसाद असतो आणि आपण तो परीक्षकाचा निकाल समजून वाचतो. मराठी मुले 'सर, एरर येतोय' म्हणतात. ताप येतो, पाऊस येतो, तसा एरर येतो, त्याला कर्ता नसतो. या प्रयोगात एक शहाणपण आहे आणि एक हतबलताही.

नवशिक्ये हे संदेश वाचतात तरी कसे, याचा बारकाईने अभ्यास व्हायला २०११ साल उजाडले. अमेरिकेतील गिओम मार्सो, कॅथी फिसलर आणि श्रीराम कृष्णमूर्ती यांनी 'डॉ. स्कीम' या खास शिकणाऱ्यांसाठी बनवलेल्या प्रणालीची परीक्षा घेतली. तिचे संदेश विचारपूर्वक लिहिलेले होते. तरीही असे दिसले की विद्यार्थ्यांना संदेशांतल्या संज्ञाच नीट उमगत नव्हत्या. वर्गात शिक्षक एक शब्द वापरीत, यंत्र दुसरा. आणि रंगवलेला भाग म्हणजे 'येथेच दुरुस्त करा' अशी आज्ञा आहे, असा समज करून विद्यार्थी तो भाग बदलत किंवा पुसून टाकत. संदेश लिहिताना पाठ्यपुस्तकाशी त्याची शब्दावली जुळली पाहिजे, हा त्यातला धडा भाषाशिक्षकांना नवा नाही.

पण संदेश सुधारले की शिकणे सुधारते, हे गृहीतही सरळ नाही. २०१४ साली ऑकलंडच्या पॉल डेनी आणि सहकाऱ्यांनी विस्तृत, सोदाहरण संदेश देऊन पाहिले. विद्यार्थ्यांच्या कामगिरीत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१६ साली डब्लिनमधून ब्रेट बेकर यांनी याच्या उलट निष्कर्ष मांडला, त्यांच्या वर्गात चुका घटल्या होत्या. मग २०१७ साली टायटस बारीक आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांच्या हालचाली टिपून पाहिले, तर वाचणारे संदेश वाचतात, आणि त्यांच्या नजरेचे १३ ते २५ टक्के थांबे संदेशांवर पडतात, असे आढळले. शिवाय तो मजकूर वाचणे हे आज्ञावली वाचण्याइतकेच कष्टाचे ठरते. 'मुले वाचतच नाहीत' ही शिक्षकांची ठरलेली तक्रार येथे डळमळते. वाचतात, पण वाचून कळत नाही, हे निराळे दुखणे आहे आणि त्यावर 'नीट वाच' हा उपाय नव्हे.

गेल्या काही वर्षांत वारे बदलले आहे खरे. २०१५ साली इव्हान चॅप्लिकी यांनी एल्म भाषेचे संदेश नव्याने लिहिले आणि लोगोनंतर हरवलेला प्रथमपुरुष परत आणला. अमुक नाव मला सापडत नाही, जवळची नावे ही आहेत, असे ते बोलू लागले. २०१६ मध्ये रस्ट भाषेने त्यापासून प्रेरणा घेतली. पायथनमध्ये मोठा बदल झाला तो ऑक्टोबर २०२१ च्या ३.१० या आवृत्तीत. कंस उघडून मिटायला विसरलात, तर पूर्वी मजकूर अनपेक्षितपणे संपल्याचा किंवा पुढच्याच ओळीत दोष असल्याचा संदेश येई. आता 'हा कंस मिटलाच गेला नाही' असे सांगून खूण उघडणाऱ्या कंसावर उमटते. ठेचकाळण्याची जागा सोडून चुकीची जागा सांगण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी आधीच्याच वर्षी वाक्यपृथक्करणाचे यंत्र नव्याने बसवावे लागले होते. वॉटफॉरनंतर साडेपाच दशकांनी, आणि तेही जगभरच्या शाळांत शिकवल्या जाणाऱ्या भाषेत, ही सुधारणा यावी याचे आम्हांस आश्चर्य वाटते. २०२३ पासून तर मोठ्या भाषा-प्रतिमानांकडून हे संदेश समजावून घेण्याचे प्रयोग प्रसिद्ध होऊ लागले. त्यांचे स्पष्टीकरण पुष्कळदा उपयुक्त असते आणि काही वेळा आत्मविश्वासाने चुकीचे. जुना शेरा तुसडा असे, पण स्वतः काय पाहिले एवढेच बोलत असे. नव्या गोड बोलण्यात हा संयम नाही. जाणत्याला तो फरक ओळखता येतो. ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे, त्या नवशिक्याला मात्र येत नाही.

आणि भाषेचा प्रश्न राहतोच. फेलियन हर्मन्स यांनी २०२० साली नेदरलँड्समध्ये सुरू केलेल्या 'हेडी' या शालेय भाषेत आज्ञा आणि संदेश दोन्ही मुलांच्या भाषेत देता येतात, हिंदीतही. मराठीत संगणकप्रणालींचे भाषांतर करताना 'इन्व्हॅलिड'ला 'अवैध' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला 'अवैध' म्हटले की दारू आणि वाळूउपसा आठवतो, म्हणजे श्नायडरमन यांनी हाकललेले न्यायालय आपण मागच्या दाराने आत घेतले. 'त्रुटी' हा शब्द तुलनेने सौम्य आहे, निदान 'चुकीचा संदेश' यात जी द्व्यर्थता आहे ती तरी टळते. खरी पंचाईत पुढे आहे. 'आर्ग्युमेंट'ला काय म्हणावे? 'युक्तिवाद' म्हटले तर विद्यार्थी हसेल, 'विचल' म्हटले तर बिचकेल आणि 'आर्ग्युमेंट'च ठेवले तर तो शब्द त्याने आधी भांडणाच्या अर्थाने ऐकलेला असेल. 'एक्स्पेक्टेड एक्स्प्रेशन' हे तर 'अभिव्यक्ती अपेक्षित होती' असे मराठीत आणले, की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मराठीच्या प्राध्यापकांनी निबंधावर मारलेला शेरा वाटेल. 'येथे काहीतरी किंमत लिहायला हवी होती' हे लांबट वाक्य आम्ही त्याहून पसंत करू. चार किलोबाइटची अडचण आता कोणालाच राहिलेली नाही.